हरवलेला तलाव कुठे होता, हे कसं ओळखायचं?

(कार्यकर्ता शिबिरात संघटनेच्या वतीने केलेल्या मांडणीचा मजकूर. ज्या गावांचे साथी शिबिराला येऊ शकले नाहीत, त्यांनी हा गावसभेत वाचून दाखवावा.)



जमिनीच्या प्रश्नावर आपण बसतो तेव्हा पट्टा, सातबारा, अतिक्रमण, दंड हेच शब्द ऐकू येतात. आज आम्ही तलावावर बोलणार आहोत. तेही अशा तलावावर, ज्यात आज थेंबभर पाणी नाही आणि ज्याची जागा गावात कुणालाच बोट ठेवून दाखवता येत नाही.

जमिनीच्या लढाईत तलाव कुठून आला, असं काही जणांना वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो. आपल्या भागातल्या एका गावाने जमिनीसाठी अर्ज केला. कचेरीतून लेखी उत्तर आलं की ही जागा पहिल्यापासून जंगल आहे, इथे शेती कधी नव्हती, अर्जदार अतिक्रमक आहेत. गावातली म्हातारी माणसं सांगतात की आमचे आजे तिथे धान करत होते, मोठ्या तलावाच्या पाण्यावर. साहेब विचारतात, कुठे आहे तलाव? नकाशात दाखवा. नकाशात तलाव नाही. जागेवर जावं तर पळस, शिंदी आणि काटेरी झुडपं.

1980 च्या केंद्राच्या कायद्यानंतर जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागते. म्हणून "ही जमीन आधी शेती होती की जंगल होतं" हा प्रश्न आता नुसता जुन्या आठवणींचा राहिलेला नाही, त्यावर माणसांचं पोट अवलंबून आहे. आणि तलाव कुणी जंगलासाठी बांधत नाही. तलाव धानासाठी बांधतात. पाळ दाखवता आली तर पाळीखालच्या बांध्या दाखवता येतात. बांध्या दाखवता आल्या तर गाव दाखवता येतो. म्हणून हरवलेल्या तलावाची जागा शोधणं हे जमिनीच्या लढाईतलंच काम आहे.

दगडावर नाव असूनही हरवलेला तलाव

तलाव एवढा मोठा, तो हरवतो कसा, असा प्रश्न शिबिरात आला होता. एक उदाहरण घेऊ. ते आपल्या भागातलं नाही, गुजरातेतलं आहे, पण त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

जुनागढला गिरनार डोंगराच्या वाटेवर एक मोठा दगड आहे. त्या एकाच दगडावर तीन वेगवेगळ्या काळातले लेख कोरलेले आहेत. एक सम्राट अशोकाच्या आज्ञांचा. दुसरा रुद्रदामन या क्षत्रप राजाचा, इसवी सन 150 च्या सुमाराचा. तिसरा गुप्त राजा स्कंदगुप्ताच्या काळचा, इसवी सन 455 ते 457 मधल्या घटनांचा. रुद्रदामनाचा आणि स्कंदगुप्ताच्या काळचा, हे दोन्ही लेख सुदर्शन नावाच्या तलावाबद्दल आहेत.

रुद्रदामनाचा लेख सांगतो की हा तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळात त्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने बांधला. पुढे अशोकाच्या काळात तुषास्फ याने त्याला पाट काढले. मग मार्गशीर्ष महिन्यात भयंकर वादळ-पाऊस झाला, सुवर्णसिकता, पलाशिनी वगैरे नद्यांना पूर आला आणि पाळ फुटली. खिंडार चारशे वीस हात लांब, तेवढंच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल. एवढं मोठं खिंडार बुजणार नाही, असं राजाच्या मंत्र्यांनीच सांगितलं. लोक हवालदिल झाले. तेव्हा सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने ते काम पार पाडलं. तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या काळात, भाद्रपदातल्या एका रात्री पाळ पुन्हा फुटली. त्या वेळी चक्रपालित याने ती दुरुस्त केली.

म्हणजे साडेसातशे वर्षं हा तलाव लोकांनी सांभाळला. त्यानंतर केव्हातरी तो गेला, आणि पुढे तो नेमका कुठे होता हेच लोक विसरले. 1838 साली जेम्स प्रिन्सेपने रुद्रदामनाचा लेख वाचून छापला, तेव्हा तलावाचं नाव कळलं, राजे कळले, खिंडाराचं माप कळलं. जागा मात्र कळली नाही. मग जाणकार अंदाज बांधायला लागले. डोंगर कुठला, नद्या कुठल्या, पाळीचे अवशेष कुठले. बडोद्याच्या विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ र. ना. मेहता यांनी या जागेचा अभ्यास करून 1968 मध्ये त्यावर लिहिलं.

यात आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट. दगडावर राजांची नावं कोरलेली असूनही तलाव हरवू शकतो. मग आपल्या आज्यांनी बांधलेला, कुठेच न कोरलेला तलाव हरवला, तर "तो नव्हताच" असं कुणी म्हणू शकत नाही.

दुसरी गोष्ट. जागेचा माग लागतो तो नद्यांच्या नावांवरून. सुवर्णसिकता म्हणजे सोन्याच्या वाळूची. आज जुनागढजवळून वाहते तिचं नाव सोनरेख. दोन हजार वर्षांत राज्यं बदलली, भाषा बदलली, तरी नदीच्या नावातलं सोनं टिकलं. माणसं तलाव विसरतात, पण नाव जिभेवर राहतं.

तिसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. रुद्रदामनाच्या लेखात मुद्दाम लिहिलं आहे की गावच्या आणि शहरच्या लोकांना कर, विष्टी आणि प्रणय यांचा त्रास न देता, स्वतःच्या खजिन्यातून हे काम केलं. विष्टी म्हणजे वेठ. प्रणय म्हणजे प्रेमाच्या नावाखाली उकळलेली भेट. आता विचार करा. वेठ घेतली नाही हे राजाला दगडावर कोरून सांगावंसं वाटलं, म्हणजे एरवी पाळी वेठीवरच बांधल्या जात असणार. वेठबिगार काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एखादी जुनी पाळ दिसली की ती कोणत्या राजाची हे तर विचारायचंच, पण माती कुणाच्या डोक्यावरून गेली हेही विचारायचं.

आपले तलाव कसे होते

आता आपल्या भागाकडे येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून जुने मालगुजारी तलाव सहा हजारांवर आहेत. छोट्या बोड्या वेगळ्याच. इथली जमीन उंचसखल, खाली कडक खडक, पाऊस चार महिने धो धो आणि नंतर नाही. धान निसवण्याच्या वेळी पाऊस दडी मारतो, आणि तेव्हा एक पाणी मिळालं नाही तर सगळं वर्ष वाया जातं. त्या एका पाण्यासाठी हे तलाव आहेत.

मालगुजारी तलाव म्हणतात म्हणून ते मालगुजारांनीच बांधले असं समजू नका. मालगुजारी हक्क इंग्रजांच्या बंदोबस्तात पक्के झाले. तलाव त्याच्या आधीपासून होते. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जो कुणी तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देत. त्या जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. भंडाऱ्याकडे कोहळी लोकांनी तलाव बांधण्यात नाव कमावलं. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं तिकडे सांगतात. तलावाची अक्कल ही आपल्याच मुलखातली अक्कल आहे. ती बाहेरून कुणी इंजिनिअरने आणून दिलेली नाही.

मग हे तलाव हरवले कसे? त्याला वेगवेगळी कारणं आहेत. काही पाळी पुरात फुटल्या आणि गावात दुष्काळ किंवा रोगराई असल्याने त्या बांधायला माणसं उरली नाहीत. काही गावंच उठली. पटकीने, देवीने, सावकाराच्या तगाद्याने गाव उठला, की पाच-दहा पावसाळ्यांत पाळीवर झाडं चढतात. काही ठिकाणी रान राखीव झालं आणि माणसाचं जाणंच बंद झालं. शेवटी 1950 चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा आला. 1951 साली मालगुजारी गेली आणि बहुतेक तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल आपल्याला दुःख नाही. पण दर उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळीवर माती टाकायची, तुडुम साफ करायचं, पाणकराने बांधीबांधीला पाणी वाटायचं, ही जी गावाची रीत होती ती मोडली. तलाव सरकारचा झाला, मग गाळ काढायचा कुणी? ज्याला वाली नाही तो तलाव आधी उथळ होतो, मग फुटतो, मग रान होतो.

अंदाज कसा बांधायचा

त्या गावात आम्ही जागा कशी शोधली ते आता क्रमाने सांगतो. तुमच्या गावात हाच क्रम ठेवा.

1. आधी नावं गोळा करा. शेतांची, नाल्यांची, टेकड्यांची, रानातल्या वाटांची नावं लिहून काढा. कागदावरची नावं नकोत, बायका सरपणाला जाताना जी नावं घेतात ती हवीत. गुरं राखणाऱ्या पोरांना विचारा. तलाव, बोडी, बांध, पाळ, पाट, तुडुम असा शब्द ज्या नावात आहे त्याखाली रेघ मारा. गोंडीत पाण्याला एर म्हणतात. जिथे पाणी दिसत नाही अशा जागेच्या नावात एर आला, तर तिथे थांबा आणि विचारा. त्या गावात एका कोरड्या रानाला लोक "पाटाखालचं" म्हणत होते. पाट कुठे आहे विचारलं तर कुणालाच ठाऊक नाही. पाट नाही तर पाटाखालचं कसं? शोध तिथून सुरू झाला.

2. म्हाताऱ्यांना विचारा, पण नीट विचारा. "तलाव कुठे होता?" असं थेट विचारलं तर माणूस एकतर "माहीत नाही" म्हणतो, नाहीतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून कुठेतरी हात दाखवतो. त्यापेक्षा असं विचारा. तुमच्या सासूबाई मासे धरायला कुठल्या बाजूला जायच्या? गुरं उन्हाळ्यात पाण्याला कुठे न्यायचे? कोणता धान लावायचे, हलका की भारी? भारी धान उशिरा येतो, त्याला शेवटचं पाणी लागतं. नुसत्या पावसावर भारी धान लावायला कुणी धजत नाही. म्हणून "आजा भारी धान लावायचा" एवढं जरी कुणी सांगितलं तरी त्याच्या वर कुठेतरी साठवलेलं पाणी होतं असा तर्क करता येतो. प्रत्येकाला वेगळं गाठा. चार जणांनी वेगवेगळं बसून एकच दिशा सांगितली तर तिला वजन येतं. चौघं एकत्र बसले तर पहिला जे बोलतो तेच बाकीचे बोलतात.

3. देव कुठे बसले आहेत ते पाहा. पाळीवर किंवा पाळीच्या टोकाला देवाचं ठाणं असतं. गाव उठला तरी वर्षातून एकदा माणसं तिथे पूजेला जातात. रानाच्या मधोमध, वस्तीपासून लांब, एखादं ठाणं असेल तर ते तिथेच का, हे विचारा. देवाची मर्यादा सांभाळून विचारा. पुजाऱ्याला सोबत घ्या, त्याच्या परवानगीशिवाय तिथे खणू नका, काही हलवू नका.

4. आता जमीन वाचा. तलाव कुठेही होत नाही. दोन टेकड्या किंवा दोन उंचवटे जवळ येतात, मधून नाला वाहतो आणि वरच्या अंगाला पसरट खोलगट जागा असते. तिथेच कमी मातीत जास्त पाणी अडतं. पाळ खालच्या बाजूला, धनुष्यासारखी थोडी वाकलेली. वरची बाजू मोकळी. पाळीच्या एका टोकाला, जिथे मुरूम किंवा खडक आहे तिथे सांडवा, म्हणजे जादा पाणी पाळीवरून न जाता बाजूने निघून जावं. खाली उताराला बांध्या. अशी जोडी जिथे जुळते तेवढ्याच जागा बघायच्या. आम्ही गावाभोवती फिरून अशा तीन जागा काढल्या. एका जागेला वरून येणारं पाणीच थोडं होतं, तिथे फार तर बोडी झाली असती. दुसरीच्या खाली सगळा खडक, धान लावायला माती नाही. तिसरी जागा त्या "पाटाखालचं" नावाच्या रानाच्या वरच्या अंगाला होती. म्हणून तिथे जास्त वेळ द्यायचं ठरलं.

5. खिंडार शोधा. पाळ फुटते ती बहुतेक वेळा सर्वांत खोल भागात, जुन्या नाल्याच्या जागी. म्हणून फुटक्या तलावात पाळ सलग दिसत नाही. नाल्याच्या दोन्ही बाजूंना दोन लांब मातीचे ढीग दिसतात आणि माणसं त्यांना टेकाड समजून जातात. नाल्याच्या या काठावरचं टेकाड आणि त्या काठावरचं टेकाड एका रेषेत आहे का, दोन्हींची उंची सारखी आहे का, हे पाहा. देवाने केलेली टेकडी अशी सरळ रेषेत आणि सारख्या उंचीची नसते. नाल्याने जिथे कापलं आहे तिथे मातीचे थर उघडे पडलेले असतात. टोपल्याटोपल्यांनी टाकलेली आणि तुडवलेली माती वेगळी दिसते, त्यात मुरूम, काळी माती, खापराचे तुकडे मिसळलेले असतात. काही ठिकाणी पाण्याच्या बाजूला लावलेले दगडही सापडतात.

6. तळ खणून पाहा. पाळीच्या वरच्या अंगाला कमरेइतका खड्डा घ्या. तलावाच्या तळात बारीक, गुळगुळीत, गोट्याविना गाळ असतो, थरावर थर. साध्या रानात वर पालापाचोळ्याची माती आणि लगेच मुरूम लागतो. तलावाबाहेर थोड्या अंतरावर दुसरा खड्डा घ्या आणि दोन्हींची माती शेजारी शेजारी ठेवा. हे करायला कुणी तज्ज्ञ लागत नाही, धान करणाऱ्या माणसाच्या बोटाला माती कळते. मात्र जागा जंगलखात्याच्या ताब्यात असेल तर खणण्याआधी गावसभेचा ठराव करा आणि लेखी कळवा. एका खड्ड्यासाठी साथींवर केस होऊ द्यायची नाही.

7. पाण्याची रेघ आखा. हे सर्वांत महत्त्वाचं. घर बांधताना गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतात, तीच नळी घ्या. सांडव्याच्या उंबऱ्याइतकी पातळी धरा आणि त्याच पातळीवर खुंट्या ठोकत वरच्या अंगाने पूर्ण फेरी मारा. सुरुवात पाळीच्या एका टोकापासून आणि शेवट दुसऱ्या टोकाला. या खुंट्यांच्या आत जी जागा आली ती तलावाचं पाणी. खुंट्यांची रेघ पाळीच्या दोन्ही टोकांना बरोबर येऊन भिडली, तर अंदाज पक्का व्हायला लागला असं समजा. मग पाळीखाली उतरा आणि झाडांमध्ये बांध्यांचे धुरे शोधा. धुरे झिजतात पण जात नाहीत. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या सपाट बांध्या झाडोऱ्यातही पायाला कळतात. त्या मोजा, लिहा.

कागद कुठे आहेत

जागेवरचा अंदाज आणि कागद, दोन्ही लागतात. नुसता कागद घेऊन गेलो तर साहेब म्हणतात जागा दाखवा. नुसती जागा दाखवली तर म्हणतात कागद दाखवा.

जुन्या मध्यप्रांतात प्रत्येक मालगुजारी गावाचा नकाशा सोळा इंचाला एक मैल या मापाने काढलेला आहे. म्हणजे नकाशातला एक इंच जागेवर तीनशे तीस फूट. या मापावर लहान बोडीसुद्धा दिसते. आज कचेरीत भिंतीवर असतो तो नकाशा नंतरचा असू शकतो. म्हणून "सर्वांत जुना बंदोबस्ताचा नकाशा" असं स्पष्ट लिहून नक्कल मागा. चांदा जिल्ह्याचा 1869 चा लूसी स्मिथ यांचा बंदोबस्त अहवाल आहे, त्यानंतर जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे. त्यात प्रत्येक बोडी सापडणार नाही, पण भागात तलावाची शेती कशी होती हे सापडतं. जिथे जमीनदाऱ्या होत्या, मुरुमगाव, रांगी, खुटगाव अशा बाजूंना, तिथले कागद मालगुजारी गावांसारखे नसतात. तिथे जास्त भर जागेवरच्या खुणांवर आणि म्हाताऱ्यांच्या जबान्यांवर द्यावा लागेल.

दोन कागद कधी विसरू नका. एक निस्तार पत्रक, दुसरं वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये कलम 161 निस्तार पत्रकाचं आणि कलम 165 वाजिब-उल-अर्जाचं आहे. कलम 165 मध्ये गावाच्या ज्या रूढी नोंदवायच्या त्यात पाणी घेण्याचा हक्क आणि मासेमारीचा हक्क यांचा उल्लेख आहे. ज्या गावाच्या जुन्या वाजिब-उल-अर्जात कुणी कुठून पाणी घ्यायचं हे लिहिलेलं आहे, त्या गावात पाणी होतं आणि भिजणारं शेतही होतं. आपल्या पुष्कळ गावांनी हा कागद कधी पाहिलेलाच नाही. तो उर्दू-फारसी नावाचा आहे म्हणून घाबरू नका. तो तुमच्याच गावाच्या रीतींचा कागद आहे.

नकाशातला तलाव आणि खुंट्यांची रेघ जुळली तर काम झालं. नकाशात तलाव नसेल तर? तेव्हा लक्षात घ्या की नकाशा काढण्याच्या आधीच तो फुटलेला असू शकतो. अशा वेळी नकाशात त्या जागेच्या नाल्याचं वळण पाहा, गावरस्ता कसा जातो ते पाहा. रस्ता विनाकारण वाकडा होऊन एका रेषेत गेला असेल, तर पुष्कळदा तो पाळीवरून गेलेला असतो. माणूस आणि बैलगाडी चिखल टाळतात.

अंदाज म्हणजे पुरावा नाही

एक गोष्ट ठासून सांगतो. आपण जेवढं पाहिलं तेवढंच बोलायचं. "हा राजाचा तलाव आहे, पाचशे वर्षांचा आहे" असं उगाच बोलू नका. एक फुगवलेली गोष्ट खोटी ठरली की नऊ खऱ्या गोष्टी पडतात. अर्जात तीन रकाने करा. पहिल्यात डोळ्यांनी पाहिलेलं आणि मोजलेलं. दुसऱ्यात माणसांनी सांगितलेलं, सांगणाऱ्याच्या अंगठ्यासह. तिसऱ्यात त्यावरून आपण काढलेला अंदाज. तिन्ही वेगळं ठेवलं तर कुणी एक रकाना खोडला तरी बाकीचे उभे राहतात.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. त्या गावात तिसऱ्या जागेच्या तळात, गाळाच्या मातीवर, आज काही घरं भरड आणि लाख करतात. ती घरं गावातली सर्वांत गरीब. त्यांना दुसरी जमीन नाही. आम्ही खुंट्या ठोकत फिरत होतो तेव्हा त्यातली एक बाई विचारती झाली, "दादा, तुमचा तलाव सापडला तर माझा वावर बुडणार का?"

साथींनो, हा प्रश्न बरोबर आहे आणि संघटनेने त्याचं उत्तर दिलंच पाहिजे. इचमपल्ली आणि भोपालपटनमच्या धरणांना आपण विरोध केला तो कशासाठी? वरच्यांच्या पाण्यासाठी खालच्यांचं घर बुडू नये म्हणून. मग आपल्याच गावात, आपल्याच हाताने, पाळीखालच्या वीस घरांसाठी तळातली चार घरं बुडवायची का? तलाव लहान आहे म्हणून बुडणं लहान होत नाही. ज्याचं बुडतं त्याच्यासाठी ते धरणच असतं.

म्हणून आम्ही त्या गावात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. तलावाची जागा सिद्ध करणं ही एक गोष्ट. तलावात पुन्हा पाणी भरणं ही दुसरी. पहिलीसाठी आपण आत्ताच अर्ज करतो, कारण तिच्यावर सगळ्या गावाच्या जमिनीचा दावा उभा आहे, आणि त्या दाव्यात तळातल्या घरांचाही वाटा आहे. दुसरीचा निर्णय गावसभा घेईल, आणि तळात कसणाऱ्या घरांना पाळीखाली जमिनीचा वाटा लिहून मिळाल्याशिवाय खिंडाराला एक टोपली मातीही लागणार नाही. हा ठराव झालेला आहे. त्या बाईने त्यावर पहिला अंगठा दिला.

पाळ बांधायची ठरली तर रोजगार हमीतून कामाची मागणी करता येते. गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही त्या योजनेत बसणारी कामं आहेत. पण तिथेही ध्यान ठेवा. पाळ रोजीवर झाली पाहिजे, मोजमाप गावासमोर झालं पाहिजे. वेठीवरची पाळ आपल्याला नको, मग ती "श्रमदान" अशा गोड नावाने का येईना.

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

प्रत्येक गावाने पाच कामं करून यावं.

एक, गावातल्या शेतांची, नाल्यांची आणि रानाची नावं एका वहीत लिहावीत. वही बायकांच्या बैठकीत वाचावी आणि राहिलेली नावं तिथे भरावीत.

दोन, साठीवरच्या सगळ्या माणसांना वेगवेगळं भेटून त्यांच्या जबान्या लिहाव्यात. ही माणसं थांबणार नाहीत. हे काम पावसाळ्याआधी व्हायला हवं.

तीन, सर्वांत जुन्या नकाशाच्या, निस्तार पत्रकाच्या आणि वाजिब-उल-अर्जाच्या नकलेसाठी अर्ज टाकावा. पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं समजतात.

चार, जिथे जागा लक्षात आली आहे तिथे पाणनळीने पातळी घेऊन खुंट्या ठोकाव्यात आणि पावलांनी मोजून कागदावर आकृती काढावी. आकृती सुबक नसली तरी चालेल, उत्तर दिशा आणि पावलं मात्र लिहा.

पाच, तळात कोण कसतं याची यादी आधी करावी, पाळीखाली कुणाला पाणी मिळेल याची नंतर. क्रम उलटा करू नका.

वह्या आणि आकृत्या बैठकीला सोबत आणा. ज्या गावांनी पातळी घेतलेली नाही, त्यांच्यासाठी पाणनळी संघटनेच्या कचेरीत ठेवली आहे. नेताना नाव लिहा आणि काम झालं की परत आणून द्या, कारण नळी एकच आहे आणि गावं पुष्कळ आहेत.

जोहार.